तीन स्मार्ट शहरं, एक नदी आणि टेंभुर्णी



'स्मार्ट शहर' या विषयावरचं व्याख्यान टेंभुर्णीत कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडला असेल. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने स्मार्ट सिटी अभियान सुरू केलं. देशातली शंभर शहरं त्यात निवडली गेली, त्यातली आठ महाराष्ट्रातली. टेंभुर्णी त्या यादीत नाही आणि ते असावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. माढा तालुक्यातलं हे हमरस्त्यावरचं गाव आहे. पुणे-सोलापूर महामार्ग इथून जातो. अकलूज, पंढरपूर, कुर्डुवाडी, करमाळा अशा चारी दिशांच्या वाटा इथे फुटतात. लोक इथे एसटी बदलतात, चहा घेतात आणि पुढे जातात.

पण आता रस्त्यांचा नकाशा बाजूला ठेवू आणि नद्यांचा नकाशा समोर घेऊ. अभियानाची पहिली यादी २८ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झाली. वीस शहरांच्या त्या यादीत पुणे दुसरं होतं आणि सोलापूर नववं. पुढे जून २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवडचीही निवड झाली. आता बघा, पिंपरी-चिंचवडची पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा पुण्यात संगमावर मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्यात रांजणगाव सांडसजवळ भीमेत उतरते. भीमा उजनी धरणात येऊन थांबते. आणि त्या धरणातून शंभर किलोमीटरच्या वर लांबीच्या नळाने पाणी सोलापूरला जातं. म्हणजे राज्यातल्या आठ स्मार्ट शहरांपैकी तीन एकाच पाण्यावर बसलेली आहेत. दोन वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला. आणि मध्ये उजनी, म्हणजे टेंभुर्णीच्या अगदी जवळ.

म्हणून हा विषय टेंभुर्णीतून बघितला तर तो वेगळा दिसतो. आज आपण त्याचा इतिहास बघणार आहोत. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: गेल्या दीडशे वर्षांत आपल्या शहरांनी पाणी आणण्याचं तंत्र फार पुढे नेलं, पण पाण्याचा हिशोब मात्र शहराच्या वेशीवरच थांबवला. 'स्मार्ट' या शब्दाने ही जुनी सवय मोडलेली नाही.

सोलापूरपासून सुरुवात करू. सोलापूरच्या पाण्याची पहिली आठवण म्हणजे सिद्धेश्वर तलाव. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी शिष्यांकडून श्रमदानाने तो खोदून घेतला, अशी परंपरा सांगते. तलाव आणि अडुसष्ट लिंगं ही या गावाची जुनी ओळख. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी पाण्याचा उगम गावाच्या मधोमध होता. तलाव आटला तर सगळ्या गावाला डोळ्यांनी दिसायचं. त्यासाठी वेगळ्या मोजमापाची गरजच नव्हती.

मग इंग्रजी अंमल आला. १८५२ मध्ये सोलापूरला नगरपालिका झाली. १८६० च्या सुमारास रेल्वे पोहोचली. १८६६ मध्ये शहराच्या उत्तरेला, अदिला ओढ्यावर एकरुखच्या तलावाचं काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये ते पुरं झालं. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा मातीचा बांध. त्या काळच्या मुंबई इलाख्यातला हा एक सर्वांत मोठा बांधलेला तलाव होता. मूळ हेतू शेतीला पाणी देण्याचा. पण १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी, आपली 'जुनी गिरणी', सुरू झाली. गिरण्या वाढल्या, हातमागवाले आले, तेलंगणातून विणकर कुटुंबं आली, वस्ती वाढली. आणि शेतीसाठी बांधलेल्या तलावाकडे शहराने हात पसरला. हा आपल्या गोष्टीतला पहिला धडा. शेतीसाठी म्हणून साठवलेलं पाणी पुढे शहर मागतं, आणि मागितलं की बहुधा मिळतंच.

हिप्परगा पुरेना तेव्हा शहर दक्षिणेला भीमेकडे वळलं. टाकळीला नदीवर उपसा बसला. मग तेही पुरेना, तेव्हा थेट उजनीपासून जलवाहिनी टाकली. आज सोलापुरात तीन ठिकाणांहून पाणी येतं आणि तीन ठिकाणी शुद्ध होतं: हिप्परग्याचं भवानी पेठेत, टाकळीचं सोरेगावला, उजनीचं पाकणीला. ही तीन केंद्रं म्हणजे शहराच्या वाढीची तीन पर्वंच आहेत. प्रत्येक पर्वात उगम आणखी दूर गेला. आधी वेशीच्या आत, मग काही मैलांवर, मग नदीवर, मग दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात. उगम जितका दूर, तितकं नळ सोडणाऱ्या माणसाला त्याच्याविषयी कमी माहीत. 'आज पाणी का नाही आलं?' याचं उत्तर आता शहरात मिळत नाही. कुठेतरी वीज गेलेली असते, कुठे वाहिनी फुटलेली असते, आणि शहरातली पाळी एक दिवस पुढे सरकते.

आता वरच्या अंगाला जाऊ, पुण्याकडे. तिथल्या गोष्टीत एक यंत्र आहे आणि आमच्या मते या खोऱ्यातलं ते पहिलं 'स्मार्ट' यंत्र आहे. मुठेवर खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पुरं झालं. कर्नल फाइफ यांच्यावरून त्या जलाशयाला 'लेक फाइफ' म्हणत. पुढे मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या धरणाच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे आणि बंद होणारे दरवाजे बसवले. साल १९०३. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजा स्वतः उघडायचा, पातळी उतरली की स्वतः मिटायचा. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला, आणि पूर आला तर भिंतीवरचा भारही आवरला. वीज नाही, तार नाही, नुसतं पाण्याचं वजन आणि तोल. या रचनेचं त्यांनी पेटंट घेतलं. पुढे अशी रचना ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही वापरली गेली.

हे एवढ्या तपशिलात का सांगतोय? कारण आज 'स्मार्ट' म्हणतात तेव्हा हेच अपेक्षित असतं ना? यंत्राने परिस्थिती ओळखावी आणि माणसाची वाट न बघता योग्य ते करावं. फरक असा, की विश्वेश्वरय्यांचं यंत्र नदीवर होतं आणि नदीला उत्तर देत होतं. आजची यंत्रं बहुतेक चौकात आहेत आणि पडद्याला उत्तर देतात.

तंत्रज्ञानाइतकाच महत्त्वाचा दुसरा धागा आहे संशोधनाचा. शहर समजून घ्यायचं म्हणजे शहर मोजायचं. ही गोष्ट सेन्सर आल्यावर सुरू झाली, असा एक समज आहे. तो खरा नाही. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका गावाची बारकाईने पाहणी केली. जमीन किती, तुकडे किती, कर्ज किती, कोण कशावर जगतो. १९१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांनी दाखवलं, की १७७१ मध्ये त्या गावातली सरासरी धारणा चाळीस एकर होती आणि १९१५ च्या सुमारास ती सात एकरांवर आली होती. ते गाव कुठलं? पिंपळे सौदागर! आज ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, आणि त्या शहराच्या स्मार्ट सिटी योजनेत विकासासाठी निवडलेला भाग म्हणजे पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर. भारतीय ग्रामसंशोधनाचा आरंभ जिथे झाला त्यांपैकी एक गाव शंभर वर्षांनी स्मार्ट शहराचा नमुना म्हणून निवडलं गेलं. शेतजमिनीचे ते तुकडे आता इमारतींखाली गेले.

दुसरं उदाहरण धनंजयराव गाडगीळांचं. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. गाडगीळांनी १९३० च्या दशकात पुणे शहराची पाहणी हाती घेतली. नमुना पद्धतीने घरं निवडायची, घरोघर जायचं, उत्पन्न, धंदा, जागा, सगळं विचारायचं. त्याचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले. सोलापूर शहरावरचा त्यांचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आला. म्हणजे आपली दोन्ही शहरं, पुणे आणि सोलापूर, देशात नागरी संशोधन बाल्यावस्थेत होतं तेव्हाच अभ्यासली गेलेली आहेत. त्या अभ्यासांत शहर म्हणजे माणसं आणि त्यांची कामं होती. विचारणारा माणूस दारात उभा राहायचा आणि सांगणारा त्याला प्रश्नही विचारू शकायचा. आजच्या आकडेवारीत ही सोय उरलेली नाही.

आता उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं. जलाशयाला यशवंतसागर नाव दिलं. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत, माढा या तालुक्यांतली गावंच्या गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. कडक उन्हाळ्यात ते वर येतं तेव्हा लोक बघायला जातात. तुम्हा इथल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. पण ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती म्हणजे 'मायनस'. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. यातला जवळपास ५४ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३ च्या वर मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडतं. पण ते नावापुरतंच मृत. उपयुक्त साठा संपला की धरण शून्यावर येतं, उपसा मात्र चालूच राहतो. मग उणे दहा, उणे वीस, उणे तीस टक्के. 'उजनी मायनसमध्ये गेलं' हे वाक्य या जिल्ह्यात बाजारभावासारखं बोललं जातं. शहराला हा आकडा बातमी म्हणून कळतो. शेतकऱ्याला तो कळतो तो कालव्याचं आवर्तन येणार की नाही, ऊस ठेवायचा की मोडायचा, या रूपात.

आणि या पाण्याची प्रत? शहराला पुरवलेल्या घरगुती पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, हे नगर अभियांत्रिकीतलं साधं गृहीतक आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन मोठी शहरं आणि त्यांच्या भोवतीचे कारखाने. या सगळ्यांचं सांडपाणी शेवटी भीमेत येतं आणि उजनीत थांबतं. वाहतं पाणी स्वतःला थोडंफार सावरतं. अडवलेलं पाणी सगळं साठवून ठेवतं. म्हणून जलपर्णी, म्हणून हिरवा तवंग, म्हणून उन्हाळ्यातला वास. मच्छीमारांच्या जाळ्यात देशी मासे कमी आणि चिलापी जास्त. भिगवणला रोहित पक्षी येतात ते आपण कौतुकाने बघतो, बघावंच. पण त्याच पाण्यावर एक जिल्ह्याचं शहर पितं, हे विसरू नये.

अशा परिस्थितीत २०१५-१६ मध्ये 'स्मार्ट' हा शब्द आला. तो परदेशातून आला. २००८ नंतर आयबीएमसारख्या कंपन्यांनी तो जगभर नेला. २०१० च्या पुरानंतर ब्राझीलमधल्या रिओ शहरात सगळ्या खात्यांची माहिती एका दालनात आणणारं मोठं नियंत्रण केंद्र उभं राहिलं, आणि ते अनेक देशांना नमुना वाटलं. आपल्या अभियानात शंभरही शहरांत अशी नियंत्रण केंद्रं झाली. एका शहराला केंद्राकडून पाच वर्षांत पाचशे कोटी, साधारण तेवढाच वाटा राज्य आणि महापालिकेचा. ३१ मार्च २०२५ रोजी अभियान संपलं.

सोलापुरात काय झालं? सिद्धेश्वर तलावाच्या परिसराचं काम, रंगभवनचा स्मार्ट रस्ता, पार्क स्टेडियमचं नूतनीकरण. ही कामं वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. चांगला रस्ता कुणाला नको असतो? पण २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं असलेलं हे शहर; त्याच्या अनेक भागांत पाणी तीन-चार-पाच दिवसांआड येतं. सोलापूरकराला 'तुझं शहर स्मार्ट कधी?' विचारा, तो म्हणेल, 'रोज पाणी आलं की.' म्हणून या सगळ्यांत खरं मोठं काम होतं ते उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीचं. सुमारे ११० किलोमीटर, रोज १७ कोटी लिटर म्हणजे १७० एमएलडी क्षमतेचं. ते बरीच वर्षं रखडलं आणि मग मार्गी लागलं. कारंजं आणि रंगीत दिवे आधी झाले, नळ मागून आला.

इथे आपण थोडं गणित करू. १७० एमएलडी पाणी वर्षभर घेतलं तर ते सुमारे सव्वादोन टीएमसी होतं. जलवाहिनीची क्षमता अपुरी होती तोवर टाकळीच्या उपशासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडावं लागायचं. ते औजच्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचवायचं तर एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी लागतं. म्हणजे नळाने वर्षभर जितकं लागेल त्याच्या दुप्पट पाणी नदीतून एका खेपेला. कुणीही अभियंता म्हणेल, नळ टाका, पाणी वाचवा. बरोबर आहे.

पण थांबा. ते जास्तीचं पाणी जातं कुठे? सगळं वाफ होतं का? नाही. ते पात्रातून जाताना वाटेतल्या गावांच्या विहिरी भरतं. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोल्याच्या योजना त्यावर चालतात. काठच्या मोटारी चालतात, जनावरं पितात, चंद्रभागेत वारकऱ्याला आंघोळीला पाणी मिळतं. शहराच्या वहीत जे 'वाया' लिहिलेलं आहे, ते कुणाच्या तरी वहीत जमा आहे. फक्त ती वही कुणी लिहीत नाही. म्हणून उद्या 'सोलापूरला आता नळाने पाणी जातं, नदीत कशाला सोडायचं?' असं कुणी म्हटलं, तर काठच्या गावांकडे दाखवायला आकडा हवा. तो आज नाही. आमच्या मते या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. जे मोजलं जात नाही, त्याच्यावर हक्क सांगता येत नाही.

वरच्या अंगालाही तेच. पुण्यात मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून अकरा सांडपाणी प्रकल्पांची योजना झाली, क्षमता ३९६ एमएलडी. कर्जाचा करार जानेवारी २०१६ चा, म्हणजे पुणे स्मार्ट शहर म्हणून निवडलं गेलं तोच महिना. एका महिन्यात दोन गोष्टी ठरल्या. स्मार्ट सिटीतून औंध-बाणेरच्या रस्त्यांची रूपं पालटली. नदीकाठची शुद्धीकरण केंद्रं मात्र मागे पडली. त्या उशिराची किंमत पुण्याने मोजली नाही. ती खाली उजनीत जमा झाली.

जगात याला दुसरा मार्ग सापडलेला आहे. न्यूयॉर्क शहराचं पाणी दूरच्या कॅटस्किल डोंगरांतून येतं. १९९७ मध्ये शहराने वरच्या अंगाच्या गावांशी करार केला. अब्जावधी डॉलरचं गाळण केंद्र बांधण्याऐवजी शहराने तिथल्या शेतकऱ्यांना आणि गावांना पैसे द्यायचे, आणि त्यांनी पाणी स्वच्छ राखायचं. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. इथे वरच्या अंगाला गावं नाहीत, महानगरं आहेत. खालच्यांनी वरच्यांना काही द्यायचा प्रश्नच येत नाही. पण तत्त्व तेच: पाणी देणारा, पाणी घाण करणारा आणि पाणी पिणारा यांचा हिशोब एकाच वहीत हवा.

आणि हे तंत्रज्ञान आपल्याला नवं नाही. भीमा आणि कृष्णा खोऱ्यांसाठी राज्याच्या जलसंपदा विभागाने स्वयंचलित यंत्रणा उभारलेली आहे. पाऊस किती पडला, धरणात किती आलं, पात्रात किती सोडलं, हे यंत्रं कळवत असतात. पुराच्या दिवसांत त्याचा मोठा उपयोग होतो. म्हणजे खोरं हे एकक धरून मोजता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. तिथे मोजलं जातं ते प्रमाण. प्रतीचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक ठिकाणी घेतं, बहुतेक महिन्यातून एकदा. मधल्या एकोणतीस दिवसांत नदीत काय आलं, हे मासे आणि मच्छीमार यांनाच माहीत.

तर मग टेंभुर्णीने मागायचं काय? स्मार्ट सिटीचा दर्जा नको. दिवे नकोत. आमच्या मते तीन गोष्टी मागाव्यात. एक, मुळा-मुठा भीमेला मिळते तिथे आणि उजनीच्या भिंतीजवळ पाण्याची प्रत सतत मोजणारी यंत्रं, आणि त्यांचे आकडे रोज मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचता येतील असे. दोन, उजनीतून नळाने किती, कालव्याने किती, पात्रात किती, आणि पात्रातलं वाटेत कुणाला किती, याचा दर आवर्तनानंतरचा उघडा हिशोब. तीन, हा हिशोब बघणाऱ्या समितीत तिन्ही महापालिकांसोबत बुडितातल्या आणि काठावरच्या गावांची माणसं. या तिन्ही गोष्टींना लागणारा खर्च एखाद्या स्मार्ट रस्त्यापेक्षा जास्त नसावा.

गाडगीळांच्या काळात माहिती गोळा करायला माणूस दारोदार हिंडायचा. आज यंत्र आहे, वेग आहे, पडदा आहे. पण तो पडदा अजून शहराच्या नाक्यावर संपतो. नदी नाक्यावर संपत नाही. पिंपळे सौदागरमधून निघालेलं पाणी सोलापूरच्या हंड्यात येईपर्यंत त्याचा माग ठेवला, तर ही तीन शहरं स्मार्ट झाली असं आपण म्हणू. आणि तो माग ठेवायचा तर त्याची मधली चौकी इथेच, उजनीवर, असावी लागेल.

 आता प्रश्न घेऊ.